स्पंज, आठ पिंजरे आणि सासूबाई

२ सप्टेंबर, सकाळी ८.१०
आजपासून रोजनिशी. उद्या कोणी माझं चरित्र लिहायला बसलं तर त्याला कच्चा माल हवा. अर्थात ही वही कोणाला दाखवायची नाही.

पार्श्वभूमी: सात वर्षं खपून मी शेवाळापासून एक स्पंज बनवला आहे. ऑपरेशनमध्ये रक्त वाहायला लागलं की तो तिथे ठेवायचा, चाळीस सेकंदांत रक्त बंद. आतच राहिला तरी हळूहळू विरघळतो. एवढं सिद्ध झालंय. आता मॅडमना नवीन शंका. कॅन्सरची गाठ काढताना तिचा कण मागे राहिला आणि त्याच्या शेजारी हा स्पंज असला, तर गाठ जोमाने वाढेल का? मॅडम सर्जन आहेत आणि माझ्या गाइडही, त्यामुळे शंका काढण्याचा त्यांना डबल अधिकार.
मी म्हणालो, वाढायचं सोडाच, आटेल. त्या म्हणाल्या, बघू.

३ सप्टेंबर
कातडीखाली कॅन्सरची गाठ वाढवलेले चोवीस उंदीर, आठ पिंजरे. सगळ्यांची गाठ अर्धवट काढली. चार पिंजऱ्यांतल्या उंदरांना स्पंज. उरलेल्या चारांत कापसाचा बोळा दाबून रक्त थांबवलं आणि बोळा काढून घेतला. कुठे काय, ते फक्त मॅडमना माहीत. यादी पाकिटात, पाकीट त्यांच्या ड्रॉवरमध्ये. मापणाऱ्याला आधी कळलं तर त्याचा हात आपल्या बाजूला झुकतो म्हणे. झुकत असेल एखाद्याचा.
संकल्प: रोज सकाळी नऊच्या ठोक्याला गाठी मापायला कॅलिपर घेऊन हजर.

४ सप्टेंबर, ११.४०
उशीर. गजर वाजला होता. ऐकूही आला होता.
प्राणिघराच्या मावशी माझ्याआधीच सगळं मापून मोकळ्या. बावीस वर्षं नोकरी, उंदीर त्यांना ओळखतात. गाठ फार वाढली तर जनावराचे हाल होऊ नयेत म्हणून त्यांनाही रोज माप लिहावं लागतं. म्हटलं, मावशी, तुमची ती हजेरी, सायन्स माझ्याकडे. त्या म्हणाल्या, आधी हात धुऊन या.

६ सप्टेंबर
घरची बातमी वाईट आहे. सासूबाईंच्या यकृतात गाठ निघाली. सत्तावीस तारखेला ऑपरेशन, मॅडमच करणार.
पण शांतपणे विचार केला तर यकृतातून रक्त भळाभळा वाहतं. माझ्या स्पंजाला याहून चांगली जागा नाही. उंदरांचा निकाल पंचवीसला, ऑपरेशन सत्तावीसला. असा योग जुळून येतो म्हणजे कमाल आहे. मॅडम म्हणाल्या, निकाल चांगला आला आणि पेशंटने फॉर्मवर संमती दिली, तरच. म्हणजे झालंच.
बायकोला ही जमेची बाजू समजावली. ती उठून दुसऱ्या खोलीत गेली. आईच्या काळजीने तिचं डोकं ठिकाणावर नाही.
सासूबाईंना फोन केला. अर्धा तास स्पंज समजावला आणि म्हटलं, बिनधास्त राहा, तुमच्यात मी माझाच माल ठेवायला लावतो. त्यांनी ‘बरं, ठेवते’ म्हणून फोन ठेवला. गहिवरल्या असणार.

९ सप्टेंबर
शोध! कोणत्या पिंजऱ्यांत माझा स्पंज आहे ते मला कळलं, पाकिटाला हातही न लावता. २, ३, ५ आणि ८. तिथले उंदीर तरतरीत आहेत, नाकं गुलाबी, आणि मी आलो की माझ्याकडे कृतज्ञतेने बघतात. बाकीचे ढुंकून बघत नाहीत.
याला लबाडी म्हणत नाहीत. निरीक्षण म्हणतात.

१२ सप्टेंबर
कॅलिपरचं एक तंत्र आहे. गाठ मऊ असते. कॅलिपर नुसता टेकवला तर एक आकडा येतो, अंगठ्याने जरा दाबला तर त्याहून लहान. मग खरा कोणता?
खूप विचार केला. २, ३, ५, ८ मध्ये वर जे दिसतं ती नुसती सूज आहे, म्हणून तिथे दाबून मापायचं. इतर पिंजऱ्यांत वर जे दिसतं ती गाठच आहे, म्हणून तिथे दाबायची गरज नाही.

१५ सप्टेंबर
मावशींची तक्रार. म्हणाल्या, दोन नंबरमधली एरवी गरीब गाय आहे, तुम्ही मापताना तेवढी किंचाळते. म्हटलं, लाडावली आहे. मावशी तिला उचलून घेऊन गेल्या.

१८ सप्टेंबर
ग्राफ काढला. माझ्या चार पिंजऱ्यांची रेघ खाली, उरलेल्यांची वर. डोळे निवले.
संकल्प: आजपासून थीसिस. अर्पणपत्रिका लिहून झाली. पहिलं प्रकरण उद्या.
सासूबाई तपासण्यांसाठी आमच्याकडे राहायला आल्या आहेत. त्यांना ग्राफ दाखवला, तासभर. त्या म्हणाल्या, छान आहे, आणि खिडकीतून बाहेर बघत बसल्या. विषय जरा अवघडच आहे.

१९ सप्टेंबर
पहिलं प्रकरण उद्या.

२१ सप्टेंबर
अंगठा दुखतो. बायकोने विचारलं काय झालं. म्हटलं, संशोधन.

२५ सप्टेंबर, दुपारी १.००
पाकीट उघडलं. स्पंज १, ४, ६ आणि ७ मध्ये.

१.१०
चारांतला एकही नाही. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी दोन बरोबर आले असते.
माझ्या आकड्यांनुसार स्पंजवाल्यांच्या गाठी दुपटीहून मोठ्या. मॅडम ग्राफकडे बघत हं एवढंच म्हणाल्या.

१.४५
थांबा. मी दाबलं कुठे? बोळेवाल्यांत. म्हणजे ते आकडे लहान आले ते माझ्या अंगठ्याने. स्पंज बिचारा निर्दोष आहे! फक्त हे सिद्ध करायला अंगठ्याचं सांगावं लागेल.

३.००
ठरलं. सत्यासाठी माणसाने स्वतःची मानहानी पत्करायला हवी. शिवाय सात वर्षं गेली आहेत.

४.३०
सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मावशींना त्यांची वही घेऊन बोलावलं.
मावशींच्या मापांत अंगठा नाही. आणि तरीही स्पंजवाल्यांच्या गाठी दीडपट. मॅडम म्हणाल्या, स्पंज विरघळेपर्यंत शरीर ती जागा भरून काढायला रसद पाठवत राहतं, नव्या रक्तवाहिन्या येतात, आणि मागे राहिलेली गाठ त्यावरच पोसली जात असावी. अजून तपासावं लागेल. माझे आकडे रद्द. पेपर मावशींच्या वहीवर लिहायचा.
म्हणजे कबुली वाया गेली, गुन्हा तेवढा नोंदवला गेला.
तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला. सासूबाई. परवा. आणि हाच स्पंज त्यांच्या पोटात ठेवावा म्हणून मी तीन आठवडे नाचत होतो. घाबरलो, साफ घाबरलो. मॅडमना म्हटलं, हात जोडतो, त्यांच्यात ठेवू नका.
मॅडमनी फाइल काढून फॉर्म पुढे केला. सात सप्टेंबरची तारीख. सासूबाईंच्या वळणदार अक्षरात: स्पंज नको. ‘नको’खाली दोन रेघा. साक्षीदार म्हणून बायकोची सही. मला वाईट वाटेल म्हणून दोघींनी कोणाला बोलू दिलं नव्हतं.

२९ सप्टेंबर, संध्याकाळी ५
ऑपरेशन नीट झालं. गाठ पूर्ण निघाली, रक्त नेहमीच्या साधनांनी थांबलं. आज वॉर्डात भेटायला सोडलं.
सासूबाईंना विचारलं, स्पंज वाईट आहे हे तुम्हाला आधीच कसं कळलं? त्या म्हणाल्या, छे, मला त्यातलं काय कळतंय, असेल चांगलाही. पण जावईबापू, त्या दिवशी फोनवर तुम्ही अर्धा तास बोललात आणि मला कसं वाटतंय ते विचारलंच नाहीत. ज्याला एवढं सुचत नाही त्याचं काही आपल्या पोटात नको, असं मला वाटलं.
लाज वाटली. खरोखर वाटली.
मग खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं. त्या सांगत राहिल्या, किती भीती वाटत होती, कोणाकोणाची आठवण येत होती, लेकीसमोर रडायचं नाही असं कसं ठरवलं होतं. त्यांचा हात हातात घेऊन मी पाऊण तास सगळं ऐकलं. मधे थोडा डोळा लागला, पण ते त्यांच्या लक्षात आलं नसावं.