आप्पांचे टाळ आणि रशियन पियानो

बुधवार, संध्याकाळ

एका रशियन संगीतकाराचा पियानोचा अल्बम आज मोठ्यानं लावला. रविवारी बेळगावातल्या कार्यक्रमात त्यातलीच एक रचना मला वाजवायचीय. मधला तो थांबा काही जमत नव्हता. मोजून थांबले की कवायत वाटते.

आप्पा भजनाला निघाले होते. टाळ हातातच, त्यामुळे सवयीनं ठेका धरला, आणि थांब्यावर टाळ एकटेच वाजत राहिले! मी हसले. ते मात्र गंभीर.

"ह्यो दम घेतोय गं. आमी अभंगाचा चरण उचलायच्या आधी घेतोय तसा."

एवढंच? मग मी इतके दिवस मोजत काय बसले होते?

अल्बम बंद केला. स्वतः वाजवायला बसले, थांब्यावर फक्त श्वास घेतला. आप्पांनी पुन्हा ठेका धरला होता. या वेळी माझ्याबरोबर टाळही थांबले.

रविवार माझाच.