झाडावरून उतरलेलं स्थळ

धनकवडी, पुणे
१२ फेब्रुवारी २००१

ती. आईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

फोनवर तुझ्याआधी बाबाच उत्तरं देतात, म्हणून पत्र. तुम्ही सुचवलेलं स्थळ, अभय मेश्राम, आमच्याच कंपनीत आहे. त्याने लग्नाच्या परिचयपत्रकात छंद म्हणून 'गिर्यारोहण' लिहिलंय. असल्या बढाईखोराला नाहीच म्हणायचं, असं मी ठरवलं होतं.

शनिवारी कंपनीने सगळ्यांना मुळशीकडच्या जंगलातल्या रिसॉर्टवर नेलं. माणसं कमी करणार अशी कुजबुज असताना एकजूट वाढवायला! उंच झाडावर मचाण, तिथून दोराला लटकून ओढ्यापलीकडे जायचं. अभय वर चढला आणि खोडाला मिठी मारून बसला. त्याच्यामागे माझी पाळी. खालून साहेब इंग्रजीत प्रोत्साहन देत होते, बाकीचे शिट्ट्या मारत होते. तो मला हळूच म्हणाला, "मला भीती वाटते. पर्वती सोडून मी काही चढलेलो नाही." मग, कुणाला काढायचं ते ठरवणाऱ्या त्याच साहेबांसमोर शिडीने उतरला आणि मुकाट्याने भजी खायला बसला. मी दोराने पलीकडे गेले खरी, पण लक्ष मागेच होतं.

आई, माझा होकार कळव. बाबांना नमस्कार.

तुझी,
अक्षता

वर्धा
२० फेब्रुवारी २००१

चि. अक्षता हिस,
अनेक आशीर्वाद.

होकार कळवायला मी अभयच्या घरी गेले, तर त्याच्या आई, राधाताई, मलाच धीर देऊ लागल्या. मचाणावर म्हणे तू रडायला लागलीस, आणि अभयने हात धरून तुला उतरवलं. भित्र्या मुलीलाही आम्ही सांभाळून घेऊ, म्हणाल्या. मी चहा प्याले आणि होकार न देताच परत आले. साहेबापुढे खरं बोलणारा मुलगा आईपुढे बोलत नाही. याचं काय करायचं ते तूच बघ. बाबांना अजून काही बोललेले नाही. जेवणाची हयगय करू नकोस.

तुझी,
आई

धनकवडी, पुणे
४ मार्च २००१

ती. आईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र मी अभयला वाचायला दिलं. त्याची नोकरी गेली तरी चालेल, पण त्याची भीती माझ्या नावावर चालणार नाही, एवढंच सांगितलं. (नोकऱ्या आमच्या दोघांच्याही आहेत. साहेबांची गेली.)

संध्याकाळी तो मला बसपर्यंत सोडायला स्वारगेटला आला आणि एकदम एसटीडी बूथमध्ये शिरला. दार उघडंच होतं. "आई, घाबरलो मी होतो. ती नाही," असं तो म्हणाला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. पलीकडचा राधाताईंचा आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू आला. त्यांनी विचारलं, की तू मुळात झाडावर चढलासच कशाला?

नंतर त्यांनी फोन मला द्यायला सांगितला. इतकी धीट आहेस तर त्याला अडवता का नाही आलं, म्हणून मलाच रागावल्या, आणि यापुढे त्याला असलं काही करू देऊ नकोस, असं बजावलं. मी बरं म्हणाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की होकार मीच देऊन बसले.

तेव्हा आता बाबांना सांगून टाक. आहे ती माया राहू दे.

तुझी,
अक्षता