हात न लावता मोजलेलं अंतर

माय,

परवा माझं यंत्र चाचणीत पास झालं. तुला सांगावंसं वाटलं. तू वाचायला शिकली नाहीस, आणि आता तर तू नाहीसच. पण लिहिलं की नीट सांगता येतं.

तीन यानं सूर्याभोवती फिरणार आहेत, एकमेकांपासून पंचवीस लाख किलोमीटरवर. प्रत्येकाच्या पोटात सोन्या-प्लॅटिनमचे ठोकळे, कशालाही न टेकता तरंगणारे. दूर कुठे दोन अजस्र कृष्णविवरं एकमेकांत कोसळली की अवकाशच जरासं ताणलं-आखडलं जातं. ती गुरुत्वीय लहर. ती जाताना दोन यानांतल्या ठोकळ्यांमधलं अंतर अणूच्या रुंदीहूनही कमी बदलतं. ते लेसरच्या प्रकाशाने मोजायचं. यानाने ठोकळ्याला शिवायचं नाही. सूर्यप्रकाशाचा धक्का स्वतः झेलायचा आणि त्याच्याभोवती राहायचं.

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दर्यापूरच्या स्टँडसमोरचं तुझं फुलांचं दुकान आठवलं. उन्हाळा आहे, वारा सुटला आहे, टांगलेल्या तराजूत मोगरा डुलतो आहे. गिऱ्हाईक घाईत, म्हणून मी बोट लावून पारडं थांबवते. तू खेकसतेस, "हात काढ! वजन कोनाचं हाय हे, फुलाइचं का तुह्या बोटाचं?"

"जाऊ दे ना बाई, गाडी सुटून राहिली माही," गिऱ्हाईक म्हणतं.

"सुटू दे. अकोटले काय एकच गाडी जाते?"

आणि तू पदर पसरून वाऱ्याकडे पाठ करून उभी राहतेस, पारडं आपलं आपण थांबेपर्यंत.

पुढे फोनवर विचारायचीस, "काय करून राहिली तिकडं?" अंतर मोजते, मी म्हणायचे. "मंग मोजून झालं का येजो घरी." मोजून झालं नाही, माय. यानं उडायला अजून वर्षं आहेत. त्यांनी पहिली लहर टिपली, तर तेव्हा मी निवृत्त झालेली असेन.

दूरच्या यानावरून पोचणारा प्रकाश फार क्षीण असतो. तो वाचणारं यंत्र मी केलं. दुसऱ्या एका गटानेही केलं होतं. दोन्हींतलं एकच जाणार होतं. परवा निर्वात टाकीत माझ्या यंत्राची शेवटची चाचणी होती. पडद्यावरची रेघ थरथरली, हळूहळू बसत गेली, हवी तिथे थांबली. माझंच जाणार. खोटी नम्रता कशाला, ते चांगलं यंत्र आहे.

रेघ थांबली तेव्हा मी मोठ्याने ओरडले, "झालं वं माय!" शेजारच्या परदेशी सहकाऱ्याने विचारलं, काय म्हणालीस? मी सांगितलं, काम झालं.

उरलेला शब्द त्याला सांगितला नाही.