ओवाळणीत दिलेला रस्ता

घोडेगाव, कार्तिक शुद्ध नवमी, शके १८२७

तीर्थरूप सौ. इंद्रायणीअक्का हिच्या पायांशी धाकट्या मोरेश्वराचा दंडवत (पाय मागे घेऊ नकोस, आधी पत्र वाच). इकडचे क्षेम बेताचेच आहे. जुन्नरचे क्षेम कळवावे असे लिहिणार होतो, पण ते तू भिका गाडीवानाबरोबर कळवलेच आहेस. "भाऊ आहे की नाही तेवढे कळवावे, म्हणजे त्याप्रमाणे पाट उचलून ठेवते," हा तुझा निरोप भिकाने भर कचेरीत, महालकऱ्यांच्या देखत, खणखणीत आवाजात सांगितला. तर अक्का, मी आहे. भावोजींचा गुडघा कसा आहे? कोर्टात उभे राहिले की दुखतो आणि पंगतीत मांडी घातली की राहतो, असे तू मागे लिहिले होतेस; तो वकिली धंद्याचाच गुडघा आहे, त्यावर औषध नाही. म्हैस व्याली का? पोरांना आशीर्वाद.

आता भाऊबीजेला मी का आलो नाही ते सांगतो. त्यासाठी आधी माझी नोकरी काय आहे हे तुला नीट सांगायला हवे, कारण "मोरू घोडेगावात दोऱ्या ओढतो" असे तू शेजारणीला सांगितल्याचे माझ्या कानावर आले आहे. दोऱ्या मी ओढत नाही. मोजणीची साखळी ओढायला जानकू शिपाई आहे. गेल्या प्लेगानंतर साहेबाच्या मनाने घेतले की आपल्याकडच्या पेठा अरुंद म्हणून रोगट. गल्ल्या रुंद करा, ऊन-वारा खेळू द्या. मग नकाशे झाले. नकाशावर रस्त्याची रेघ मारणे सोपे असते, ती कागदाला लागत नाही. पण तीच रेघ गावात मारली की कुणाच्या तरी न्हाणीतून जाते. न्हाणीवाला हरकत घेतो. त्या हरकतीला सरकारच्या वतीने कायद्याने उत्तर देणारा जो माणूस, तो मी. माझ्या हुद्द्याचे इंग्रजी नाव पुष्कळ लांब आहे. महालकरी 'आखणीचे वकील' म्हणतात आणि पेठेतले लोक मी दिसलो की आपापले ओटे मोजतात.

काम वाईट नाही, पण कायद्याच्या पुस्तकात माणसे भेटत नाहीत ती इथे भेटतात. शिनोलीचेच घे. तिथे आम्ही भीमाशंकराच्या वाटेला लागून चुन्याची रेघ मारली आणि हरकतींची वाट बघत बसलो. एकही आली नाही. मला वाटले, काय समजूतदार गाव. आठ दिवसांनी जाऊन बघतो तर रेघेवर हळदकुंकू, मधे मधे नारळ फोडलेले, आणि अख्खे गाव रेघ न ओलांडता लांबून वळसा घालून विहिरीवर जाते आहे. गावाला बांध घालून रोगराई बाहेर ठेवायची त्यांची जुनी रीत आहे, आणि यंदा ते पुण्यकर्म सरकारने आपल्या खर्चाने केले असा त्यांचा समज झाला होता. सयाजी पाटलांनी मला पाटावर बसवून दूध दिले. रेघ पुढच्या महिन्यात हलवायची आहे म्हणताच दुधाची वाटी माझ्या हातात होती म्हणूनच मी वाचलो. "वकीलसाहेब, रेघ हलवली आन रोग आत आला तं कुनाच्या नावानं बोंबलायचं?" असे त्यांनी विचारले. कायद्यात याला उत्तर नाही. परत निघालो तर खालच्या वाडीची माणसे वाटेत उभी, आमच्या वाडीलाबी एक रेघ मारा म्हणून. रेघ मागणारी प्रजा मी पहिल्यांदाच पाहिली आणि मला ती फार आवडली.

पण मूळ मुद्दा भाऊबीजेचा. (तू कपाळाला आठी घातलीस ती इथून दिसते.) इथल्या पेठेत पन्नालाल नावाचे मारवाडी व्यापारी आहेत, त्यांची बायको गुलाबबाई. तीन पिढ्यांपूर्वी ही मंडळी मारवाडातून आली. आता मराठी इथल्या गावकऱ्यांसारखीच बोलतात, फक्त रागावताना मारवाडी काढतात. त्यांच्या घरापुढे दगडी ओटा आहे, तो आमच्या रेघेच्या दोन हात पुढे येतो. पन्नालालांच्या घरची रीत अशी की बायकांनी उंबऱ्याबाहेर पेठेत फिरायचे नाही. ओटा मात्र घरात धरलेला. त्यामुळे गुलाबबाईला सारे जग बघायचे तर त्या दोन हातांवर बसूनच. बाजाराच्या दिवशी आहुप्याकडच्या बायका हिरड्याची ओझी घेऊन डोंगर उतरतात, त्यांना ही त्या ओट्यावर टेकू देते, ताक देते, आणि डोंगरावरच्या सगळ्या बाळंतपणांची चौकशी करते. आहुपे तिने जन्मात पाहिलेले नाही, पण तिथे कुणाची सून नांदत नाही हे तिला ठाऊक असते. हा ओटा पाडायची नोटीस द्यायची होती. पन्नालाल हरकत घेणार नव्हते; सरकारचा कागद लांबून पाहिला तरी ते दोन्ही हात जोडतात. आणि गुलाबबाईला कुणी विचारलेच नव्हते.

भाऊबीजेच्या दिवशी, उशिराच का होईना, भिकाची गाडी जुंपून मी तुझ्याकडे यायला निघालो होतो. देवाशपथ निघालो होतो, खण गाडीत होता. म्हटले वाटेवरच आहे, तेवढी नोटीस देऊन पुढे जावे. पन्नालालांच्या दाराशी पोहोचलो तेव्हा दिवस नुकताच मावळला होता. भिका बैलांना पाणी दाखवायला गाडी घेऊन नदीकडे गेला आणि मी कोटाच्या खिशात नोटीस घेऊन ओट्यापुढे उभा राहिलो. गुलाबबाई ओट्यावर निरांजन लावलेले तबक घेऊन पश्चिमेकडे मान उंचावून बघत होती. तिचा एकुलता भाऊ माहेरी मारवाडात, त्याचे येणे कधीच थांबले. म्हणून इतकी वर्षे ती आपल्या बायकांसारखी चंद्रालाच ओवाळते. आता बीजेचा चंद्र म्हणजे नखाएवढा, तो घटकाभर दिसायचा आणि बुडायचा. त्याच्या नेमका आड मी उभा, आणि डोक्याला तू लग्नात घेऊन दिलेली ती भली मोठी पगडी.

"भाऊ, जरा बाजूला व्हा," ती म्हणाली. मी डावीकडे सरकलो. चंद्रही तिकडेच होता. मग उजवीकडे सरकलो, तर तोवर तो समोरच्या चावडीच्या भिंतीमागे गेला. तबक हातात तसेच राहिले. पेठ बघत होती. मी ओशाळून क्षमा मागितली तर गुलाबबाई म्हणाली, "आता चंद्र न्हाई तं न्हाई, वकील हाय. बसा." आणि अक्का, मी बसलो. ज्या दगडावर रेघ मारायची त्याच दगडावर पाट मांडला, मला कुंकू लावले, ओवाळले, आणि जेवायला वाढले. त्यांच्यात दिवस मावळल्यावर खात नाहीत, तेव्हा मी एकट्याने जेवायचे आणि साऱ्या घराने समोर बसून बघायचे असा तो प्रकार झाला. पदार्थ उत्तम होते. (तुझ्या हातची सर नाही, हे लिहायचे राहून जाईल म्हणून इथेच लिहितो.)

मग ओवाळणी. खिशात हात घातला तर नोटिशीशिवाय काही नाही. पाकीट गाडीत आणि गाडी नदीवर. तबक समोर, निरांजन फडफडतेय. अशा वेळी शहाण्या माणसाने गप्प बसून भिकाची वाट बघावी. पण मी वकील पडलो, आणि गप्प बसायची आमच्या धंद्यात सवय नसते. मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "ताई, आज मागाल ते दिले."

तिने क्षणभरही विचार केला नाही. "ह्यो ओटा राहू द्या. दुसरं कायबी नको."

मी "दिला" म्हणालो. कसा म्हणालो ते मला अजून कळलेले नाही. तिने तबक खाली ठेवून डोळे पुसले आणि झुंबरलालला, म्हणजे तिच्या मुलाला, म्हणाली की मामाच्या पाया पड. आता अशा वेळी नोटीस कशी काढणार? मी ती खिशातच ठेवून घरी आलो. भिका गाडी घेऊन आला तेव्हा त्याला सांगितले की आज जुन्नरला जाणे नाही. एका बहिणीला सरकारचा रस्ता देऊन दुसरीला खण द्यायला जायचे माझ्याच्याने होईना.

रात्रभर कायद्याचे पुस्तक चाळले. दान देणाऱ्याकडे ती वस्तू असावी लागते. रस्ता माझा नाही, ओटा तर तिचाच आहे, म्हणजे मी तिला तिचीच वस्तू सरकारच्या जागेवर दान दिली. असला व्यवहार कुठल्याही पुस्तकात सापडला नाही. सकाळी महालकऱ्यांना सगळे खरे सांगितले. ते इतके हसले की कारकून धावत आले. साहेब मात्र हसला नाही. त्याने विचारले, ओवाळणी म्हणजे लाच काय? मी सांगितले की लाच घेतल्यावर काम करतात, इथे जेवून मी स्वतःच दिले आहे. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला की रेघ एका जागी वाकली तर ती सगळीकडे वाकेल, आणि वाकवणारा वकील मला नको. त्याचे म्हणणे खोटे नाही, हेच वाईट. नोटीस दुसऱ्या दिवशी जानकूने नेऊन दिली. येत्या सोमवारी साहेबापुढे शेवटच्या हरकती ऐकायच्या आहेत, आणि गुलाबबाईच्या बाजूने बोलायला कुणी नाही. विरुद्ध बाजूने बोलायला मी आहे.

तुला सांगतो अक्का, मला ही नोकरी आवडते. गल्लीत ऊन आलेले मी पाहिले आहे. जिथे मागच्या साली माणसे उंदरांसारखी मेली तिथे आता पोरे खेळतात. आणि मला गुलाबबाईही आवडते. दोन्ही खरे असताना झोप लागत नाही. बाकी सर्व ठीक. थंडी पडू लागली आहे, भावोजींना गुडघ्याला फडके बांधायला सांग. थोरांस नमस्कार, लहानांस पापा, आणि तुला जे काय चालेल ते.

तुझा, अद्याप असलेला,
मोरेश्वर

ता. क. — पत्र खरे तर पुढच्या चार ओळींसाठी लिहिले. भावोजींना सोमवारच्या आत इकडे पाठव. गुलाबबाईचे वकीलपत्र घेऊन त्यांनी माझ्याविरुद्ध उभे राहावे. पन्नालालांना मी समजावले आहे. समोर आपलाच मेहुणा आहे म्हटल्यावर त्यांना धीर आला. मी सरकारचा पगार खातो, तेव्हा पूर्ण जोराने भांडेन, एक शब्द कमी बोलणार नाही, हे भावोजींना आधीच सांग. पण त्यांनी एवढेच विचारावे की समोरची चावडीची भिंत सरकारचीच आहे आणि तीही रस्त्यात आली आहे, मग रुंदी तिकडून का घेत नाही? तसे केल्याने रेघ वाकत नाही, अख्खी सरकते. याला माझ्याजवळ उत्तर नाही. त्यांना सुचले असे दाखवावे, तुझ्याकडून आले असे नको. आणि माझ्याकडून तर मुळीच नको. हरल्यावर मी जेवायला रुसून बसेन, ते मनावर घेऊ नये.

ता. क. दुसरा — भिकाच्या गाडीचा आस मोडला म्हणून पत्र दोन दिवस राहिले, आणि आता वरचे सगळे बदलले आहे. माझी नोकरी जाणार असे जानकूने पेठेत सांगितले. आज सकाळी गुलाबबाईने गवंडी बोलावून आपल्या हाताने ओटा काढवला. दगड गाडीत भरले आणि, अक्का, ती स्वतः गाडीमागून चालत माझ्या बिऱ्हाडी आली. डोक्यावरून पदर ओढून, भर पेठेतून, जन्मात पहिल्यांदा. पन्नालाल मागून हात जोडत येत होते. मी दारात उभा राहून रडलो, तेही सगळ्यांनी पाहिले. मी म्हणालो, "ताई, मी शब्द दिला होता." तर म्हणते, "ओटा काय, परत बांधता येतो. तुमची नोकरी गेली तं तुमी घोडेगावात ऱ्हानार हाय का? मंग पुढच्या बीजेला मी कुनाला ओवाळू?" माझ्या दारात पावसाचे पाणी शिरते हे तिला आहुप्याच्या बायकांकडून कळले होते, म्हणून पायरी बांधायला तिने ते दगड माझ्या दारात रचायला लावले. गवंड्याने ते चांगले बसवले आहेत. ते रस्त्याच्या रेघेच्या दोन हात पुढे आले आहेत, आणि त्यांच्यावर या घटकेला गुलाबबाई बसली आहे, शेजारी आहुप्याकडच्या चार बायका, आणि ताक माझ्या घरातले चालले आहे. कायद्याप्रमाणे नोटीस मला काढावी लागेल, ती मलाच द्यावी लागेल, आणि मी ती घेणार नाही. तेव्हा भावोजींना पाठवच. रस्ता तोच, रेघही तीच, तेव्हा चावडीच्या भिंतीचा मुद्दा इथेही लागू आहे. वकीलपत्र आता माझे आहे.