एक्केचाळिसावी सही

३ डिसेंबर २०१८, सिंदेवाही
आज सात दुकानं उरकली! कार्डानं पैसे घ्यायचं नवं मशीन टेबलावर ठेवायचं, "कार्ड आता घासायचं नाही, चिपच्या बाजूनं आत खुपसायचं" एवढं सांगायचं, चहा प्यायचा आणि 'प्रशिक्षण मिळाले' या फॉर्मवर सही घ्यायची. किराणावाले गुणवंतराव मी बोलत असताना मिरच्या तोलत होते. सही मात्र झोकात! गाढवापुढे वाचली गीता. एकतीस तारखेपर्यंत चाळीस फॉर्म दिले की मी कायम. दोन वर्षं कंत्राटावर काढलीत, आता या लोकांची तोंडं बघणं बास.

६ डिसेंबर
बी-बियाण्यांच्या दुकानातली सुगंधाबाई सही करत नाही! "मले समजल्याबगर कशी करू जी सही?" लाइट गेली तर? कव्हरेज नसलं तर? "अन् मधातच कार्ड काढलं तर पैसे कटते का नाई?" हे मलाही नक्की माहीत नव्हतं. म्हटलं, बाई, तुम्हाला काय करायचंय? तर म्हणे, "गिऱ्हाईक माह्याशीच भांडन ना, तुमच्याशी थोडी!"
शिकून कलेक्टर होणार आहे जणू.

१० डिसेंबर
पुन्हा तीच बाई. माझ्याच कार्डावर दहा-दहा रुपयांचे सहा व्यवहार करून दाखवायला लावले. बघायला गर्दी! मग सुकलू नावाच्या शेतकऱ्याला तीच समजावते, "भात उतरवल्यावर वाफ जिरेपर्यंत झाकण उघडतोस का? तसंच हे. कागद बाहेर येईपर्यंत कार्डाले हात नाई लावाचा. पिन तूच दाब, मी पाठ फिरवतो."
चिपचं तंत्रज्ञान आणि भाताचं झाकण! हसू आवरेना. एवढं होऊनही "फॉर्म ठेवून जा, उद्या करतो सही." माझी चंद्रपूरची बस तेवढी गेली.

११ डिसेंबर
बाईचे तीन फोन. आणखी प्रश्न असणार. उचलले नाहीत.

१२ डिसेंबर
पाकिटात कार्ड नाही! शेवटचं काढलं ते तिच्याच दुकानात. उगाच नाही सहा वेळा दाखवायला लावलं! आणि ते तीन फोन — पिन काढून घ्यायला! साळसूदपणा बघा. कार्ड बंद केलं. ऑफिसात आमच्या वरिष्ठ दीपिका मॅडमना सांगितलं, दुकानदारीण चोर आहे. म्हणाल्या, "लेखी द्या." दिलं. मशीन काढून आणायचा आदेश लगेच निघाला, दुसऱ्याच माणसाला पाठवलं.
चाळिसावा फॉर्म एका बांगड्यांच्या दुकानातून आणला. पाच मिनिटांत सही. असे शहाणे लोक पाहिजेत!

२० डिसेंबर
सुगंधाबाई ऑफिसात आली. इतक्या लांब, एसटीनं. पिशवीतून प्लॅस्टिकच्या पन्नीत गुंडाळलेलं माझं कार्ड काढलं.
"प्रणितभाऊ, तुमी मशीनीतच इसरून गेलते. फोन लावला त तुमी उचलत नाई. कागद निघाला का कार्ड आठवणीनं काढून घ्याचं, हे तुमी सांगतलंच नाई जी! आता मीच सांगून राह्यलो सगळ्याइले."
सोबत फॉर्म. सही केलेला, तारीख अकरा.
मग विचारलं, "मशीन काऊन नेली? लोक म्हणते, बाईनं काई केलं असन." मी म्हटलं, वरून आदेश आहे. माझ्याच तोंडून निघालं हे! बाई अर्धा ग्लास पाणी प्यायली, पिशवी उचलली आणि गेली. ते कार्ड हातात धरवत नव्हतं.

२२ डिसेंबर
मशीन परत द्यायचं तर माझी तक्रार खोटी होती असं पत्र द्यावं लागेल. दिलं तर कायम होणं गेलं. एकतीस झाली की देतो. नक्की देतो.

३१ डिसेंबर
कायम झालो. चाळीस दुकानांत मशीन आहे, कार्ड कधी काढायचं ते एकालाही माहीत नाही. जिला माहीत आहे तिच्याकडे मशीन नाही. तिची सही माझ्या खणात आहे. पत्र लिहिलेलं नाही.