बरगडीखालचं मन

गडहिंग्लज, ता. ४ जून १९९८

चि. सोमेश यास आत्तीचे आशीर्वाद, वि. वि.

तू कोल्हापुरात डॉक्टरकी शिकतोस, तर एक काम कर. मेल्यावर देह कॉलेजला द्यायचा असेल तर कुणाला भेटायचं, ते कळव. परवा तुझ्या आप्पांच्या कानावर घातलं, तर तणतणले. आपल्यात मेलेल्याला बसवून पुरतात, चिरायला देत न्हाईत, म्हणे. बसवा की! पण आधी कुणीतरी आत बघू दे.

जेवण झालं की उजव्या बरगडीखाली सुरी फिरवल्यागत दुखतं. इथल्या डॉक्टरनं आजवर पोटाला हात लावला नाही. कुठं दुखतं हे विचारतो यजमानांना. मूल नसलं की बायकांचं मनच दुखतं, हे मात्र मला ऐकू येईल असं सांगतो आणि झोपेच्या गोळ्या देतो. जाऊबाई म्हणतात, देवाचं काहीतरी राहिलंय. आणि तू शहाणा! दिवाळीत माझेच धपाटे चापता चापता गॅस म्हणालास. मेल्यावर तरी तुमच्या कॉलेजातली पोरं नीट बघतील.

वेळेवर जेवत जा. लोभ आहेच.

तुझी आत्ती,
शांतव्वा

कोल्हापूर, ता. ११ जून

ती. आत्तीस सोमेशचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून कान तापले. देहदानाचं नंतर सांगतो, आधी जिवंतपणी ये. सोनोग्राफी करू. सरांना तुझं दुखणं सांगितलं, तर मुलं किती एवढंच विचारून हसले. मी हट्ट सोडलेला नाही. तुझ्या घरी मामा नको म्हणाले तर एकटी ये, मी स्टँडवर थांबतो.

राग गेला असेल तर आशीर्वाद पाठव.

तुझा सोमेश

गडहिंग्लज, ता. ३० ऑगस्ट

चि. सोमेश यास आशीर्वाद, वि. वि.

टाके भरले. पित्ताच्या पिशवीतले खडे तुझ्या त्या हसणाऱ्या सरांनी बाटलीत घालून दिले होते ना, ती बाटली इथल्या डॉक्टरच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, हे घ्या माझं मन. तर म्हणतो, आधी नीट सांगायचं नाही का! वर यजमानांना म्हणाला, ऑपरेशननं बाईंचा स्वभाव तापट झालाय, गोळी देतो. जाऊबाईंनी बाटलीला हळदकुंकू वाहिलं.

काल तेल घालून शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खाल्ली. दुखायची वाट बघत बसले. दुखलं नाही, तेव्हा रडू आलं.

शेजारच्या बाळाबाईचं मन म्हणे छातीत दुखतंय. तिला घेऊन पुढच्या सोमवारच्या एस.टी.नं येते. सरांना सांग, हसून घ्या आधीच.

आणि तुझ्या आप्पांना कळव, देह सध्या कुणालाच देत नाही. मलाच लागतोय.

तुझी आत्ती,
शांतव्वा