इंद्रजीतच्या जांभया

गारखेडा, सोमवार

प्रिय आई,
पायांवर डोकं ठेवते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे? घरचा फोन तुझ्या लेकाकडे, इंद्रजीतकडे असतो, म्हणून आज गावी येणाऱ्या लक्ष्मीमावशीच्या हाती हे पत्र देते. तू एकटीच वाच.

वॉर्डात एक ड्रायव्हर आला होता. सारख्या जांभया, नाका-डोळ्यांना पाणी, उकाड्यात अंगावर काटा. त्याची आई म्हणाली, "सिस्टर, पोराला नजर लागली हो!" खरं तर त्याच्या नशेच्या गोळ्या बंद झाल्या होत्या. थोडं बरं वाटताच तिनं त्याला घरी नेलं. आठवड्यानं त्यानं पूर्वीइतक्याच गोळ्या घेतल्या; पण मधल्या खंडानं शरीराची सवय मोडली होती, तेवढ्या झेपल्या नाहीत. पुन्हा आणला तेव्हा डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या होत्या, श्वास जवळजवळ नव्हता. इंजेक्शनं दिली, पण तो गेला.

आई, पाडव्याला आपला इंद्रजीतही असाच जांभया देत होता. तू मीठ-मोहऱ्या उतरवल्यास, आणि घरातली पहिली पदवीधर मी वाटी धरून उभी होते. कंबर दुखते म्हणून घ्यायचा त्या गोळ्या तो अजून खातो का? तसल्या गोळ्यांचीही अशीच नशा लागते.

त्याला रागावू नकोस. औषधानं हे सुटतं. पण कधी हलवूनही उठेना, तर कुशीवर वळव आणि १०८ ला फोन लाव.

उद्याच त्याला घेऊन पैठणहून पहिल्या एसटीनं ये. हवं तर नजर उतरवून निघ. मी स्टँडवर उभी असेन.

तुझी,
राजनंदिनी